लिव्हरपूलजवळच्या फॉर्मबीच्या बनात आईला चालतं करणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे. लिव्हरपूलच्या आसपास आपल्या माणसांकडे दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात, आणि त्यातले कितीतरी गुडघ्यांच्या धाकाने खिडकीशी बसून राहतात. तुमचं नाव घालत नाही, तुम्ही तसं बजावलंत म्हणून.

आईचा गुडघा बदलून वर्ष होत आलं होतं. जखम भरली, दुखणं गेलं, पडण्याची भीती मात्र गेली नव्हती. मी आग्रह करून थकले होते. तुम्ही आग्रह केलाच नाहीत. चहा घेताना एवढंच म्हणालात, "वहिनी, फॉर्मबीला समुद्रालगत पाइनचं बन आहे. बघायला चला, नको वाटलं तर मागे फिरू."

आदल्या दिवशी तुम्ही एकटेच जाऊन ती सगळी फेरी चालून आला होतात, हे मला नंतर काकूंकडून कळलं. वाटेवर मुळं कुठे वर आली आहेत, वाळू कुठून भुसभुशीत होते, ओहोटी किती वाजता लागते, सगळं पाहून ठेवलं होतंत. फ्रेशफील्ड स्टेशनपासून बनापर्यंतचा मैलभराचा रस्ता गाडीने वाचवलात, तिचे पाय बनासाठी राखून ठेवलेत. काका, हे कुणी सांगून सुचत नाही. माझे आभार आहेत ते खरे याचेच.

बनात शिरल्यावर आई पहिल्यांदा माझा हात सोडून चालली. खाली पाइनच्या सुईसारख्या पानांचा जाड थर, वाट सपाट. ही झाडं इथली मूळची नाहीत, शंभरएक वर्षांपूर्वी जमीनदाराने उडती वाळू थोपवायला लावली, असं तुम्ही सांगितलंत आणि तिला विषय सापडला. श्रीवर्धनचं सुरूचं बनही लावलेलंच. 2020 च्या निसर्ग वादळात त्यातली झाडं आडवी झालेली तिने पाहिली आहेत. त्या बोलण्यात किती चाललो ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तांबड्या खारी दिसल्या. तुम्ही सगळ्यांना गप्प उभं केलंत, तेवढ्यात तिला बसायलाही मिळालं. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींना ज्या विषाणूने काही होत नाही, त्यानेच 2008 मध्ये इथल्या बहुतेक तांबड्या खारी मेल्या, आणि उरलेल्यांतून ही वस्ती पुन्हा सावरली. आईने ही गोष्ट तुमच्याकडून दोनदा ऐकून घेतली.

पुढे वाळूच्या टेकड्या सपाट करून काढलेली अॅस्परॅगस या भाजीची जुनी शेतं आली. ती आम्ही भरभर ओलांडली, कारण समुद्राचा वास येऊ लागला होता आणि आता आईच पुढे होती.

वाळूच्या टेकड्यांची मला काळजी होती. तुम्ही चढाची वाट टाळून वळशाची धरलीत. वाळू अंगावर चढली की मॅरम गवत तिच्यातून आणखी वर येतं आणि मुळांनी तिला धरून ठेवतं, हे दाखवलंत. "आमच्याकडे हेच काम मर्यादवेल करते," आई म्हणाली. एवढं असूनही इथला किनारा वर्षाला सरासरी 4 मीटर मागे सरतो. वापरून झालेली ख्रिसमसची झाडं वाळूत पुरून लोक टेकड्या सावरतात, हे ऐकून तिला फार बरं वाटलं.

मग किनारा. इथल्या गाळाच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची, हरणांची, रानबैलांची पावलं उमटलेली आहेत. 1989 मध्ये गॉर्डन रॉबर्ट्स या निवृत्त शिक्षकांना ती कुत्र्याला फिरवताना दिसली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या. लाट एक थर उघडते आणि काही दिवसांत धुऊनही नेते. आमच्या वेळी काही उघडं नव्हतं. तरी तुम्ही आणि आई कितीतरी वेळ वाकून गाळ न्याहाळत होतात, मग उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांवर बोलत बसलात. गुडघा बदलल्यापासून आई इतकी मन लावून बोलताना मी पाहिली नव्हती.

परतीच्या वाटेवर तिने काठी मला धरायला दिली.

आता श्रीवर्धनला ती रोज सकाळी किनाऱ्यावर फेरी मारते. शेजारच्या दोघींनाही बरोबर नेते, आणि त्यांच्यासाठी वाट आधी स्वतः बघून येते, अगदी तुमच्यासारखी. तिने तुमच्यासाठी कोकमं आणि मेतकूट पाठवलं आहे, शनिवारी घेऊन येते. माझ्या मैत्रिणीचे सासूसासरे पुढच्या महिन्यात येत आहेत, सासऱ्यांना धाप लागते. त्यांना कुठून न्यावं ते तेव्हा विचारेन. या वेळी वाट बघायला मीही येते बरोबर.

काकूंना नमस्कार.

तुमची,
श्रीवर्धनकरांची लेक