मास्क माकडांच्या भल्यासाठी

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतील जंगलातल्या मास्कवाल्यांवरचा लेख वाचला. लेखक महाशयांची शैली खुसखुशीत आहे, वाद नाही. पण चिंपांझींमागे फिरणारे संशोधक तोंडाला मास्क लावतात, दहा मीटर लांब उभे राहतात आणि नुसते नाक गळू लागले तरी कॅम्पवर बसून राहतात, याला ‘विदेशी सोवळे’ म्हणून हसण्याआधी थोडी चौकशी करायची होती. ‘माकडांना एवढे काय भ्यायचे?’ असे ते विचारतात. अहो, भीती माकडांना आपली आहे!

युगांडातील किबालेच्या जंगलात २०१३ साली ५६ चिंपांझींच्या एका टोळीत खोकल्याची साथ आली आणि ५ दगावले. कारण निघाले ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे माणसाच्या सर्दीचा एक विषाणू. आपल्याकडे या सर्दीत पोरे शाळेलासुद्धा जातात. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात मेलेल्या चिंपांझींमध्ये सापडलेले श्वसनविकाराचे विषाणूही माणसांचेच होते.

थुंकीच्या नमुन्यांत क्षयाचे जंतू शोधण्यात माझी सारी नोकरी सरली, त्यामुळे हे हसण्यावारी नेणे मला जमत नाही. गेल्या श्रावणात आपल्याच जिल्ह्यातील एका देवस्थानी गेले होते. पायरीवर एक गृहस्थ ढासत ढासत अर्धा खाल्लेला पेरू वानराच्या हातात देत होते आणि चिरंजीव फोटो काढत होते. ‘उष्टे देऊ नका, तुमचा खोकला त्याला लागेल,’ म्हटले, तर म्हणतात, ‘काय ओ मावशी, मारुतीरायाला कुठं सर्दी होती व्हय?’ झाले, सगळी पायरी हसली. मारुतीराया म्हणता, मग देवाला उष्टे चालते का? नैवेद्याचे ताट झाकून नेणारी माणसे आपण! (शबरीचा दाखला कृपया कोणी देऊ नये. तिला खोकला नव्हता.) कार्यालयात तक्रार द्यायला गेले, तर खिडकीतल्या माणसाने विचारले, ‘अभिषेक साधा की लघुरुद्र?’ तक्रारवही मागितल्यावर खिडकीच बंद झाली.

शेजारच्या कर्नाटकातल्या शिमोग्यात १९५७ साली माकडताप (गोचिडींमार्फत माणसालाही होणारा ताप) सापडला. पुढे तो सिंधुदुर्गातही आला. तेव्हा माकडे आणि गोचिडींच्या नावाने केवढी ओरड झाली! आपण त्यांना काय देतो हे छापायची वेळ आली, की मात्र तो पुरवणीतला विनोद होतो.

जाता जाता एक. पाण्याच्या पाळीबद्दलचे माझे मागचे पत्र छापल्याबद्दल आभार, पण त्यातल्या नळ न आलेल्या तारखाच तुम्ही गाळल्यात आणि आडनावही चुकवलेत. आता जागा कमी पडली तर लघुरुद्र खुशाल कापा, किबालेचे आकडे तेवढे राहू द्या.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सात रस्ता, सोलापूर