धुराड्याची ओढ जास्त असणे हाही दोषच

महोदय,

आपल्या पुरवणीत लाकडावर चालणाऱ्या बंद शेगडीविषयी लेख आला आहे. धूर घरात का कोंडतो, धुराडे का तुंबते, हे त्यात नीट सांगितले आहे. पण 'धुराडे जितके उंच तितके चांगले' हे वाक्य आणि 'शेगडी फार तापली तर दार उघडून थंड हवा आत जाऊ द्यावी' हा सल्ला वाचून मला स्वस्थ बसवेना. माझी सगळी नोकरी बॉयलरवर गेली. भट्टी, ड्राफ्ट (म्हणजे धुराड्याची ओढ), डँपर (ती आवरणारी झडप) हीच आमची रोजची भाषा. पाळीवर आलो की आगीकडे बघण्याआधी आम्ही ड्राफ्ट गेजकडे बघायचो. घरातली शेगडी लहान असली तरी आत चालते ते तेच.

धुराडे ओढते, कारण आतला गरम वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. ही ओढ दोन गोष्टींवर ठरते: धुराड्याची उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. घरगुती शेगड्यांची चाचणी साधारण 12 पास्कल (दाबाचे एकक) ओढीवर होते, म्हणजे ओढ मोजायच्या पाण्याच्या नळीत सव्वा मिलिमीटरही फरक पडत नाही इतकी ती सौम्य. आता धुराडे 8 मीटर उंच, आतल्या वायूचे सरासरी तापमान 200 अंश सेल्सियस आणि बाहेर शून्य अंश धरा. हिशेबाने ओढ 43 पास्कलच्या आसपास येते. घर्षणात त्यातली काही जाते, तरी उरते ती गरजेच्या कितीतरी पट. शिवाय आग वाढली की वायू तापतो, वायू तापला की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की आग आणखी वाढते. हे चक्र आपले आपण थांबत नाही. म्हणून उंच धुराडे सरसकट चांगले म्हणता येत नाही. ते थंडीच्या रात्री, नेमके शेगडी जोरात चालवायच्या वेळी, सर्वात जास्त ओढते.

माझ्या मुलीच्या दुमजली घरात असेच उंच धुराडे आहे. जावई म्हणाले, "बाबा, हवेची झडप पूर्ण बंद केली तरी लाकूड भराभरा संपतं, आणि खोली म्हणावी तशी तापत नाही." या दोन तक्रारी एकत्र आल्या की मला आधी ओढीचा संशय येतो. उष्णता खोलीत उतरायला वेळच मिळत नाही, ती वर निघून जाते. धूर पूर्ण जळण्याआधीच धुराड्यात शिरतो तो वेगळाच. त्यांना कोणी तरी पाइपात झडप बसवून घ्या म्हणून सांगितले होते. मी म्हटले, आधी हवा कुठून शिरते ते बघू.

शेगडी गार असताना दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावले आणि पट्टी ओढली. चारही बाजूंनी ती घट्ट बसली होती. हीच परीक्षा राखेच्या कप्प्याच्या झाकणाला लावली, तर एका कोपऱ्यात पट्टी अलगद निघून आली. तिथली दोरीची सील चेपून कडक झाली होती. या फटीतून हवा थेट जाळीखालून निखाऱ्यांवर येते, लोहाराच्या भात्यासारखी. वरच्या झडपेचा मग काही उपयोग उरत नाही, जाळी वाकते आणि बिडाला तडेही जाऊ शकतात. नवी सील बसवली आणि बराचसा जोर तिथेच उतरला. (राखेचा कप्पा उघडा ठेवून आग लवकर पेटवायची सवय अनेकांना असते. ती कृपया सोडा.)

उरलेल्या जादा ओढीसाठी पाइपात झडप बसवली. तिच्या पाकळीला भोक असावे, ती पूर्ण मिटणारी नसावी, आणि शेगडीच्या पुस्तिकेत तिला परवानगी असावी. लाकूड घालायला दार उघडण्याआधी ती आठवणीने उघडायची, नाहीतर धूर अंगावर येतो. बाजारात आपोआप उघडणारी वजनी झडपही मिळते. ओढ वाढली की ती खोलीतली हवा पाइपात घेते. लाकडाच्या शेगडीला मला ती पसंत नाही. थंड हवेने धुराडे गार पडून धुरातला डांबरासारखा, पेट घेणारा क्रिओसोट साचतो, आणि धुराड्यात आग लागलीच तर हीच झडप तिला हवा पुरवत राहते.

तापमान अंदाजाने ठरवू नका. एकपदरी पाइपावर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावा. पृष्ठभागावर साधारण 120 ते 240 अंश ही कामाची पट्टी. त्याखाली बराच वेळ राहिले तर काजळी आणि क्रिओसोट साचतो, त्यावर गेले की शेगडी हाताबाहेर चालली. आतला वायू पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट तापलेला असू शकतो. पाइप दुपदरी असेल तर बाहेरचा आकडा फसवा, तिथे आत सळई जाणारा तापमापकच हवा. पत्र्यावर अंधारात मंद लाली दिसली तर तो 500 अंशांच्या आसपास पोचला आहे असे समजा.

हवा कमी करायची ती काटा चढत असताना, टप्प्याटप्प्याने. आग पूर्ण भडकल्यावर सगळे एकदम बंद केले तर तापलेले लाकूड वायू सोडतच राहते, तो आत साठतो, आणि थोडी हवा मिळताच भप्पकन पेटून सांध्यांतून धूर बाहेर फेकतो. लाकडाचाही यात मोठा हात असतो. बारीक, कडकडीत वाळलेले ढलपे निखाऱ्यांच्या जाड थरावर भरले तर सगळे एकदम पेट घेतात. जाड ओंडके, एकमेकांना लागून, आणि निखारे थोडे बसल्यावर घालावेत. ओलावा 15 ते 20 टक्के असावा. ओढ जास्त आहे म्हणून ओले लाकूड जाळणे हा उपाय नाही, त्याने क्रिओसोटच वाढतो.

एवढे करूनही शेगडी भडकलीच, तर दार उघडू नका. उघडल्यावर काटा थोडा उतरतो, कारण थंड हवा धुरात मिसळते. आगीला मात्र हवी तेवढी हवा मिळते. हवेची झडप बंद, मग पाइपातली झडप बंद, शेगडीला पंखा असेल तर तो चालू. पाणी मुळीच टाकू नका, बीड फुटते आणि वाफ अंगावर येते. धुराड्यातून रेल्वेसारखी घरघर ऐकू आली तर आत क्रिओसोट पेटला आहे. तिथे उष्णता 1000 अंशांच्या पुढे जाऊ शकते. हवा बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. नंतर धुराडे तपासून घेतल्याशिवाय पुन्हा काडी लावू नये. आणि झडपा मिटायच्या म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका आलाच, त्याला वास नसतो. त्याचा गजर झोपायच्या खोलीजवळ असलाच पाहिजे.

माझी एक मागणी आहे. शेगडी बसवणारे पाइप जोडतात, एकदा पेटवून दाखवतात आणि जातात. त्यांनी शेगडी चांगली तापलेली असताना ओढ मोजावी, तो आकडा आणि त्या वेळचे बाहेरचे तापमान कागदावर लिहून मालकाला द्यावे. पाण्याची तिरकी नळी किंवा साधा डिजिटल मॅनोमीटर (दाबमापक) त्याला पुरतो. आपल्या पुरवणीने हा आग्रह धरावा, आणि दार उघडण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात छापावी.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट