२४ची २५ पानं

प्रिय विन्या,

आठ महिने एक ओळ लिहिली नाही, शिव्या घाल, ऐकून घेतो. पाठ बरी आहे, घरी सगळे ठीक. आता मुद्द्याचं. आपला अंक उघडला रे! तोच, वर्ड ९७ मधला.

नव्या वर्डमध्ये नुसतं कडबोळं दिसत होतं, कारण तो फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट टाकला तर अक्षरं आली पण ओळी सरकल्या. मग चिडून क्यूएमूमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक भासवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज ९८ च बसवलं. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो निळसर डेस्कटॉप आला आणि मी खुर्चीत एकटाच हसलो, बायकोने डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेली.

आता प्रिंट. घरचा प्रिंटर वायफायवाला, त्याचा ९८ साठी ड्रायव्हर कोण लिहिणार? यूएसबी आत जोडून दिलं तरी तेच रडगाणं. शेवटी युक्ती सापडली, ९८ मध्ये अॅपल लेझररायटरचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो, तो एलपीटी १ वर, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टवर, लावायचा आणि क्यूएमूला सांगायचं की तो पोर्ट म्हणजे बाहेरची एक फाइल. आतल्या बिचाऱ्याला वाटतं खरंच कागद सरकतोय. बाहेर पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे त्या प्रिंटरची भाषा, पडते आणि ती वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट प्रोग्रॅमने त्याचं पीडीएफ. एकदा सगळी अक्षरं पुन्हा इंग्रजी आली, कारण ड्रायव्हरला प्रिंटरचेच फॉन्ट वापर असं सांगून बसलो होतो. ते बदलून मग तीनदा प्रिंट दिलं आणि पीडीएफ ७५ पानांचं! सगळं त्याच फाइलच्या शेपटीला चिकटत गेलेलं.

पण ७५ भागिले ३ कर. २५. इथेच घोडं अडलंय विन्या. वर्ड ओळी कुठे मोडायच्या हे निवडलेल्या प्रिंटरला विचारून ठरवतं, आपल्या त्या जुन्या डब्याचं, म्हणजे तेव्हाच्या प्रिंटरचं, माप वेगळं, लेझररायटरचं वेगळं. डब्याचा ड्रायव्हर टाकून पाहिला, पानं बरोबर २४ झाली, पण फाइलमध्ये त्याची स्वतःची भाषा पडली, घोस्टस्क्रिप्टला ओ की ठो कळेना. आणि लेझररायटरवर २५व्या पानावर फक्त तुझ्या कथेच्या शेवटच्या दोन ओळी, कोऱ्या पानावर, पोरक्या. मधे पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीतच लागतात, यावरूनच आपण तेव्हा रात्रभर भांडलो होतो ना.

तू म्हणालेलास, माझ्या संपादकीयातला 'आजचा तरुण' वाला परिच्छेद उडव. मी नाही उडवला, उलट तुझ्या कथेतला पाऊस कापला, तुला न विचारता. काल तो परिच्छेद काढून पाहिला. २४ होतात. काहीही बिघडत नाही, वाचणाऱ्याला तर सुटकाच. पण मग तो आपला अंक राहतो का? अक्षरं जराशी दाबून बसवू का? का पाऊसच परत घालू आणि सरळ २८ करू?

अरे हो, नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, उशिराच. पोरीचं अॅडमिशन झालं का? सगळं फोनवर बोलू.

छापलेली प्रत तुझ्याकडेच आहे ना? पान १७ नेमकं कुठल्या शब्दावर संपतं त्याचा फोटो पाठव. तोवर मशीन बंद करत नाही.

तुझा,
बाळ्या