रात्रीचं जेवण सोडू नकोस

सोलापूर,
मंगळवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पल्लवीने सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नकोस. स्टेशनच्या पुलावर तुला घेरी आली, कठडा धरून खाली बसलीस आणि वर तिलाच बजावलंस की आईला कळता कामा नये. फोनवर विषय काढला की तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले.

मंजूच्या डोहाळजेवणात सुमनआत्या तुझ्या वजनावरून काय बोलल्या तेही कानावर आलं. त्यांचं तोंड कोण धरणार? पण त्यांच्या एका वाक्यापायी तू रात्रीचं ताट बंद करावंस, इतकं त्यांचं बोलणं कुणी कधी मनावर घेतलेलं नाही. तुझ्या बाबांना विचार.

रिपोर्ट नीट वाचला. वजन ७१, कंबर ८९ सेंटिमीटर, एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, ५.९, हिमोग्लोबिन १०.२. तू फक्त पहिला आकडा धरून बसली आहेस. मला शेवटचा जास्त खुपतो. बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी, तिथून मागे फिरता येतं. त्यात एक मेख आहे. अंगात लोह कमी असलं की एचबीएवनसी थोडं चढूनही दिसू शकतं. म्हणून उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची, अशा दोन्ही साखरा तपासून घे. पहिली १०० च्या आत आणि दुसरी १४० च्या आत आली तर माझी झोप परत येईल. आजीचं तुझ्याच वयात सुरू झालं होतं. जाऊ दे, आजीचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसले होते.

कमी किती करायचं? पाच किलो. २० नव्हे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. त्यांना वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच लक्ष्य दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुझे सात टक्के म्हणजे पाच किलो. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नको. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून तू दादाला फोटो पाठवलास, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. पोटभर जेवलीस की दोन दिवसांत परत येतं. उपाशी राहून पुढे जे झडतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. मग शाम्पू बदलत बसशील.

रात्री तू जेवत नाहीस, ज्यूस घेतेस. बीट, गाजर, एक सफरचंद, वर चमचाभर मध. चोथा गाळणीत राहिला, ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर उतरली. फळांच्या रसातली साखर आणि मध, दोन्ही जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेतच धरते, आणि दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम म्हणते. प्रथिनं जवळपास शून्य. म्हणून अकरा वाजता पोटात खड्डा पडतो आणि चिवड्याचं पाकीट फुटतं. (पल्लवीने हेही सांगितलं.) शंभर ग्रॅम तळलेला चिवडा पाचशे कॅलरींचा असतो. तेवढ्यात एक भाकरी, वाटीभर घट्ट आमटी, चमचाभर तेलातली पालेभाजी आणि ताक होतं, आणि सकाळपर्यंत भूक लागत नाही. तेव्हा रात्रीचं जेवण सोडू नकोस. आठच्या आत जेव, भात नको असेल तर घेऊ नकोस, पण जेव.

तेलाचं गणित सोपं आहे. माणशी महिन्याला अर्धा लिटर. तुम्ही दोघी, म्हणजे एक लिटरची पिशवी महिनाभर पुरली पाहिजे. दिवसाचे प्रत्येकीला चहाचे तीन चमचे होतात. मावशींना कॅनमधून ओतू देऊ नकोस, चमच्याने मोजून घालायला सांग. दोडका, कोबी, मेथी झाकणावर पाणी ठेवून शिजवल्या तर चमचाभर तेल पुरतं, भाजी स्वतःच्या वाफेवर होते. भेंडीवर मात्र झाकण नको, तार सुटते. वांगं तेल पितं, त्याला आधी वाफवून घ्यायचं. कूट माणशी एक मोठा चमचा. आपल्या सोलापूरकडचा हात कुटाला सढळ, हे मला मान्य आहे.

भाकरी खाल्ली की वजन उतरतं असं तुझ्या ऑफिसात म्हणतात म्हणे. उतरतं, मोजून खाल्लीस तर. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन फुलक्यांएवढं. ज्वारीत चोथा असतो, त्यामुळे पोट भरल्यासारखं राहतं. पण दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकरी खाल्ल्यास तर तू दुप्पट जेवलीस.

चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी करतेस ना? एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर मूठभर दाणे आणि पळीभर तूप. ताटली साडेपाचशेच्या घरात जाते आणि दुपारी परत भूक. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी खा.

बिस्किटांच्या पुड्यावर पुढून काय लिहिलंय ते वाचू नकोस, उलटा करून घटकांची यादी वाच. जे जास्त ते आधी, असा नियम आहे. 'मल्टिग्रेन' म्हणून पहिलं नाव मैद्याचं, दुसरं-तिसरं साखरेचं आणि पामतेलाचं असेल तर ते साधंच बिस्कीट. गुळाचंही तेच, वजनाला वजन लावलं तर साखरेइतक्याच कॅलरी. चहा चार वेळा आणि दर वेळी दोन चमचे साखर, म्हणजे ३५-४० ग्रॅम नुसती चहातून. आधी एक चमचा कर, पंधरा दिवसांनी अर्धा. एकदम बंद केलास तर चार दिवसांत परत दोनवर येशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आणि चहा जेवणावर नको. मध्ये तासभर जाऊ दे, नाहीतर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळ, त्याने लागतं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पर्समध्ये ठेवून हिमोग्लोबिन चढत नसतं. तेवढ्या खालून नुसत्या पालेभाजीने वर यायला फार वेळ लागेल.

प्रथिनं दिवसाला ४५-५० ग्रॅम हवीत. सकाळी दोन अंडी, म्हणजे बारा. दुपारी मटकीची उसळ, भाकरी, वाटीभर दही मिळून सतरा-अठरा. संध्याकाळी लोकल पकडायच्या आधी मूठभर फुटाणे, सहा. उरलेली रात्रीच्या आमटी-भाकरीतून. बघ, रात्रीचं जेवण काढलंस की हिशोब तुटतो. मटकी सकाळी भिजत घाल, रात्री ओल्या फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड येतात. लहानपणी मी गाठ सोडायच्या आत तू खालून फडकं उसवून मोड खायचीस आणि उसळीला अर्धीच उरायची. तेव्हा कुणी तुला कमी खा म्हटलं नाही. खेळून यायचीस, गुडघे फुटलेले, आणि उभ्या उभ्याच खायचीस.

पुन्हा शाळा घेतली. रागावू नकोस गं. वॉर्डात पथ्याचे तक्ते लिहून लिहून हात तसाच वळला आहे. एवढं मोठं ऑफिस सांभाळतेस, दादाच्या फीचा हप्ता न सांगता भरलास, ते मी इथे चारचौघांत सांगत असते. तुला घरी काही सांगावं लागत नाही असंही सांगते. आणि इकडे तू पुलावर घेरी येऊन बसतेस.

काट्यावर रोज उभी राहू नकोस. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल, ते पाणी असतं. त्यापेक्षा टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोज. ८० च्या खाली यायचं आहे. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत कर, त्याआधी नको, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचाच हिशोब असतो.

बाबा विचारतात, पुलावर एकटीच होतीस का. मी पल्लवी होती म्हणून सांगितलं. तूही तेच सांग.

तुझी,
आई

ता. क. पिंटू गुरुवारी सिद्धेश्वर एक्सप्रेसने येतोय. त्याच्याबरोबर ज्वारीचं पीठ दोन किलो, मटकी आणि फुटाणे देते. शेंगाचटणी पावच किलो दिली आहे, मुद्दाम. रोज एक चमचा, जास्त नाही. पीठ फ्रिजमध्ये ठेव, जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना चिरते. आज रात्री काय जेवलीस ते कळव.