गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडली?

महोदय,

स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी) आणि हर-टू (पेशींची वाढ चेतवणारे) या प्रथिनांच्या तपासणीवर पुढचे सारे ठरते: हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचे औषध द्यायचे का, आजार उलटण्याचा धोका किती. त्यासाठी नातेवाईक नागपुरात चांगली लॅब शोधत फिरतात. पण निकाल लॅबच्या आधीच, ऑपरेशन थिएटरमध्ये बिघडू शकतो, याकडे फार कमी लक्ष जाते.

गाठ काढली की रक्तपुरवठा तुटतो आणि तिच्यातली प्रथिने नासायला लागतात. तासाभराच्या आत ती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे गाठ टिकवणाऱ्या द्रावणात, पडायला हवी, तेही गाठीच्या आकारमानाच्या निदान दहापट. नुसती बुडवूनही भागत नाही. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. अख्खा स्तन तसाच बरणीत कोंबला, तर वरून घट्ट आणि आतून पिठूळ झालेला तुकडा हाती येतो. आधी कडांना शाई लावून ५ मिलिमीटरचे काप द्यावेत. बाहेरगावाहून सलाइनमध्ये घालून मे महिन्याच्या उन्हात एसटीने पाठवलेली गाठ तर वाटेतच खराब होते.

फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. शुक्रवारी दुपारची गाठ, सोमवारी सुट्टी, म्हणजे मर्यादा ओलांडलीच.

तपासणीत ही प्रथिने असलेल्या पेशींना रंग चढतो. ईआर पॉझिटिव्ह म्हणायला १ टक्का कर्कपेशींची केंद्रके रंगली तरी पुरते. त्यामुळे नासलेल्या गाठीत खोटा ‘निगेटिव्ह’ आला, की त्या बाईच्या हातची टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी जाते. म्हणून स्लाइडवर शेजारच्या निरोगी दुग्धनलिका पाहाव्यात. त्याही रंगल्या नसतील तर तो निकाल धरूच नये, दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) तपासणी पुन्हा करावी. हर-टू ‘२+’ म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी झाल्याशिवाय त्यावर निर्णय नको. केआय-६७ चा, म्हणजे किती कर्कपेशी वाढीच्या अवस्थेत आहेत ते दाखवणारा, आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. तो ५ टक्के किंवा कमी, नाहीतर ३० टक्के किंवा जास्त असेल, तरच त्यावर भिस्त ठेवावी.

शहरातल्या सर्व रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे: पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर गाठ काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, असे दोन रकाने छापा आणि ते थिएटरमध्येच भरा. नातेवाईकांनी या दोन वेळा विचाराव्यात. दुसरे मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नको, पॅराफिन ब्लॉकही सोबत न्यावा. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नये, मेण वितळते.

– एक पॅथॉलॉजिस्ट, नागपूर