नर्सिंगच्या जागा वाढवण्याआधी शिकवणारी माणसं टिकवा

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

नर्सिंगची प्रवेशक्षमता वाढवण्याचं धोरण रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरात ५९ लाख परिचारिकांची तूट नोंदवलेली आहे. पण जागा आधी वाढतात आणि शिक्षकांचा शोध नंतर सुरू होतो. तिथेच सगळं अडतं.

साधा हिशेब पाहा. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाला ६० प्रवेश म्हणजे २४० विद्यार्थी. दहांमागे एक धरला, तरी २४ शिक्षक लागतात. तेही एकमेकांच्या जागी चालणारे नाहीत. मानसिक आरोग्याची रिकामी जागा बालआरोग्याच्या शिक्षिकेकडून भरली, तर भरते ती फक्त कागदावर.

वर्गातलं शिकवणं त्यातल्या त्यात सोपं, खरा कस वॉर्डात लागतो. दहा विद्यार्थी ड्यूटीवर येण्याआधी शिक्षिकेने पोचायचं, कोणत्या रुग्णाचं ड्रेसिंग आहे आणि कोणाला इन्सुलिन द्यायचं ते पाहून रुग्ण वाटून द्यायचे. नवख्या विद्यार्थ्याने रुग्णाची ओळख, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ तपासून इंजेक्शन देईपर्यंत तिने शेजारी उभं राहायचं. एकाला १५ मिनिटं धरली तर दहा जणांना अडीच तास लागतात, औषधांची वेळ मात्र सगळ्या रुग्णांची साधारण एकच. मग काही विद्यार्थी नुसते बघत राहतात, काही शिक्षिकेच्या नजरेआड इंजेक्शन देतात. मिलिलिटरमागे ४० आणि १०० युनिटचं, अशी दोन्ही इन्सुलिनं वापरात असतील, तिथे हे फार धोक्याचं आहे. ४० च्या सिरिंजमध्ये १०० च्या कुपीतून १० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर रुग्णाच्या अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. ही चूक पुस्तक वाचून थांबत नाही, हाताशी उभं असलेलं माणूस ती थांबवतं.

एवढं करून कार्यभार मोजताना वॉर्डातले दोन-तीन तास म्हणजे व्याख्यानाचा एक तास, असा हिशेब अनेक संस्था लावतात. केअर प्लॅन, म्हणजे विद्यार्थ्यांनी लिहिलेले रुग्णांच्या शुश्रूषेचे आराखडे तपासणं, लॉगबुकवरच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाच्या नोंदवहीवरच्या सह्या, प्रात्यक्षिक परीक्षा हे सारं त्यापलीकडचं. एकाने नोकरी सोडली की त्याचे विद्यार्थी उरलेल्यांत वाटले जातात, दहाचे पंधरा होतात आणि दुसराही राजीनाम्याचा विचार करू लागतो.

आणि या पदासाठी काय सोडावं लागतं? पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षं, बहुतेकदा बिनपगारी. रुग्णालयातला रात्रपाळीचा भत्ता आणि जादा कामाचा मोबदला बंद. आधीची रुग्णसेवा ज्येष्ठतेत धरली जात नाही आणि हाती बऱ्याचदा वर्षभराचं कंत्राट येतं. अनुभवी परिचारिकेने हा व्यवहार नाकारला, तर तिच्यात सेवाभाव नाही असं कोणी म्हणू नये. जे येतात तेही बरीच वर्षं वॉर्डात काढून येतात, म्हणून निवृत्तीपर्यंत शिकवायला उरलेला काळ थोडाच असतो.

रुग्णालय आणि महाविद्यालय यांची संयुक्त पदं निर्माण करावीत, अशी आमची पहिली विनंती आहे. आठवड्याचे काही दिवस वॉर्ड, काही दिवस अध्यापन, पगार मात्र एकाच सेवेतला. यात हातातलं कौशल्यही गंजत नाही. मात्र वॉर्डातल्या परिचारिकेवर तिचे रुग्ण कमी न करता विद्यार्थी सोपवणं म्हणजे संयुक्त पद नव्हे. रुग्णसेवेची वर्षं वेतननिश्चितीत धरावीत, वॉर्डातला प्रत्येक तास पूर्ण तास मोजावा आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पगारी रजा द्यावी, बदल्यात ठरावीक वर्षं शिकवण्याचं बंधपत्र घ्यावं.

वाढीव जागांना मंजुरी देताना नेमणूकपत्रांवर विसंबू नये. तपासणीच्या दिवशी हजर असलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी असतोच असं नाही. मागच्या सहा महिन्यांचे वॉर्डातले ड्यूटी तक्ते, पगार प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांच्या लॉगबुकवरच्या सह्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. तिन्हींत जे नाव सापडत नाही, ते शिक्षकसंख्येत धरू नये.

आपले विश्वासू,
नर्सिंग महाविद्यालयांतील शिक्षिका व शिक्षक