ओमच्या वाटचं पाणी

कार्डिफ, वेल्स
ता. २९ जून २०२५

ती. नाना आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर नाना म्हणाले, की जुना बोअर अर्ध्या तासात हवा ओढायला लागतो, आता हजार फुटांचा मारल्याशिवाय केळीची मृगबाग निभणार नाही. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी इथल्या एका परिषदेला गेले आणि तिथे बसल्याबसल्या तो "बरं" मला फार टोचू लागला. जे सांगायचं आहे ते फोनवर धड निघत नाही, मधेच रेंज जाते नाहीतर दादाचा ओम फोन ओढतो. म्हणून कागदावर लिहिते आहे. सावकाश वाचा.

परिषद होती वेल्स देशाच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या धोरणावर. आमच्या ऑफिसातून पुराच्या आणि सांडपाण्याच्या कामातल्या दोघांना पाठवलं, त्यात मी एक. देश म्हटला तरी २०२१ च्या जनगणनेत याची लोकसंख्या एकतीस लाख. आपल्या जळगाव जिल्ह्याचीच २०११ ला बेचाळीस लाख होती. पण या एवढ्याशा देशाने २०१५ साली एक कायदा केला. इथल्या सरकारने, नगरपालिकांनी, आरोग्य मंडळांनी कोणताही मोठा निर्णय घेताना अजून जन्माला न आलेल्या माणसांचा विचार करायचा आणि तो केल्याचं दाखवून द्यायचं. त्यावर लक्ष ठेवायला भावी पिढ्यांसाठी एक स्वतंत्र आयुक्त नेमलेला असतो. कायदा करायच्या आधी गावोगाव लोकांना विचारलं होतं, तुम्हाला कसला वेल्स हवा आहे म्हणून.

नाना, तुम्ही लगेच विचाराल, याने प्रत्यक्षात काय फरक पडला? न्यूपोर्ट शहराजवळ मोटारींची कोंडी होते, म्हणून चौदा मैलांचा नवा महामार्ग करायचं वर्षानुवर्षं चाललं होतं. तो ज्या पाणथळ सपाट जमिनीवरून जाणार होता, तिथे शेकडो वर्षांचे जुने पाट आणि चर आहेत. त्या वेळच्या आयुक्त बाईंनी या कायद्याचा आधार घेऊन विरोध केला. शेवटी जून २०१९ मध्ये इथल्या मुख्यमंत्र्यांनी खर्च आणि पर्यावरण ही कारणं देऊन रस्ता रद्द केला. कोंडी अजून होते आणि त्यावरून लोक अजून भांडतात. आयुक्तांना शिक्षा करायचा अधिकार नाही. त्या शिफारस करतात आणि समोरच्याला जाहीर उत्तर द्यावं लागतं, एवढंच. परिषदेत बऱ्याच जणांनी उठून सांगितलं, की या कायद्याला दात नाहीत. मला तरी जाहीर उत्तर द्यावं लागणं ही लहान गोष्ट वाटत नाही. आपल्याकडे किती निर्णयांचं उत्तर आपल्याला कधी मिळालं?

सगळं कामकाज वेल्श आणि इंग्रजी दोन्हीत चाललं होतं. वेल्श बोलणारे शंभरात अठरासुद्धा नाहीत. तरी एक म्हातारे शेतकरी उठून आपल्या भाषेत बोलले आणि मंत्र्यांनी कानाला यंत्र लावून त्यांचं म्हणणं ऐकलं. मोठी आई जळगावच्या कचेरीत गेली, की आपली लेवा बोली गिळून शुद्ध बोलायची धडपड करायची, ते आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी आठ-आठ जणांची टेबलं केली. आमच्या टेबलावर सतरा वर्षांची एक मुलगी होती. इथे वेल्सच्या संसदेसाठी सोळाव्या वर्षी मत देता येतं. ती जुन्या कोळसा खाणींच्या खोऱ्यातली. तिच्या घराजवळच आबरवॅन नावाचं गाव आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तिथल्या डोंगरावर टाकलेला खाणीचा कचरा घसरून खाली शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. तो ढीग रचला होता झऱ्यांवर. झरे आहेत हे गावाला माहीत होतं, लोकांनी तक्रारीही केल्या होत्या. मुलगी म्हणाली, "तेव्हा कोळसा काढणाऱ्यांना त्या दिवसापुरतं दिसत होतं. २०५० साली मी बेचाळीस वर्षांची असेन. तुम्ही आज जे ठरवाल त्याच्याखाली मी राहणार आहे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या गावात काय आहे?"

मी पाण्याचं सांगितलं. आजोबांच्या काळात आपल्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं, मोट चालायची. तुम्ही पहिला बोअर मारला तो दोनशे फुटांचा, मी चौथीत असताना. मग साडेचारशे, मग साडेसातशे. आता हजार म्हणता आहात. तिने ते सगळे आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, तुमचा भाचा मोठा होईल तेव्हा किती फूट? नाना, २०५० साली ओम एकतीस वर्षांचा असेल. मला उत्तर देता आलं नाही. टेबलावरचे सगळे थांबले होते आणि मी कागदाकडे बघत राहिले.

रात्री झोप येईना. आजोबा सांगायचे ती फैजपूरची गोष्ट आठवत होती. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन. तोवर ती अधिवेशनं शहरांत व्हायची, खेड्यातलं हे पहिलं. आजोबा आठ वर्षांचे होते, मोठ्यांबरोबर बैलगाडीने गेले होते. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि तट्ट्यांनी उभं केलेलं ते टिळकनगर त्यांना मरेपर्यंत आठवत होतं. मनमाडहून दोनशे मैलांहून जास्त पायी चालत आलेले शेतकरीही. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि तिथे शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला: सारा आणि खंड कमी करा, कर्जातून सोडवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, शेतकऱ्याला संघटना करू द्या. देश अजून स्वतंत्र नव्हता, तरी त्याचं पुढचं धोरण आपल्या केळीच्या पट्ट्यात, धनाजी नाना चौधरींसारख्या तिथल्याच माणसांच्या मेहनतीवर उभ्या राहिलेल्या मांडवात ठरत होतं. त्या मांडवातल्या पोरासाठी जे मागितलं गेलं त्यातलं बरंच आजोबांच्या पदरात पडलं, असं मला वाटतं. मग आपण आता ओमसाठी काय मागतो आहोत?

आई, तुझ्या माहेरचं तर याहून जुनं आहे. पांझरेच्या काठी फड होते ना, ज्यांच्याबद्दल मामा तासन् तास बोलायचे. नदीला बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड, म्हणजे जमिनीचे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. बऱ्याच जणांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची, त्यामुळे तोटा एकट्याच्या माथी बसत नसे. पाटकरी आणि जागले गावाने नेमलेले. ही पद्धत काही शतकं चालली. मी परिषदेत हे सांगितलं तेव्हा त्या म्हाताऱ्या वेल्श शेतकऱ्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. पण आपल्याला आपल्याच गावात हे पुन्हा कुणी विचारत नाही.

कायदे आपल्याकडेही आहेत. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे. आपल्या शिवारात तो कुणाला ठाऊक आहे? बोअरची गाडी रात्री येते, सकाळी गुलाल उधळतो. वरून आलेला नियम गावाने आपला मानला नाही, आणि फडाचा नियम गावानेच केला होता म्हणून टिकला. तापी मेगा रिचार्ज या योजनेचा करार मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी केला, ते ऐकून मला मनापासून आनंद झाला. सातपुड्याच्या पायथ्याची गोट्या-वाळूची पट्टी पाणी पिऊन घेते, तिथे पुराचं पाणी मुरवायचं ही कल्पना खरीच चांगली आहे. पण ते पाणी येईल तेव्हा येईल, आणि आलं तरी जितकं मुरेल त्याहून जास्त आपण उपसत राहिलो तर पातळी पुन्हा खालीच जाईल.

म्हणून एवढंच मागते. हा बोअर आत्ता मारू नका. बाग अर्धी लावा. उरलेल्यात ज्वारी, उडीद, जे पावसावर येईल ते करा. पैशाची ओढ मी भरून काढते, त्याची काळजी करू नका. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय तुम्ही मांडा. तुमचं ऐकतील, तुम्ही सोसायटीत इतकी वर्षं होता. त्याआधी दादाला म्हणावं, शिवारातल्या निदान दहा बोअरना दर अमावास्येला दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि पंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहायचं, बोअरवाल्याच्या नावासकट. पहिला आकडा आपला लिहा. दोरी धरायला ओमला न्या, त्याला आता शंभरापर्यंत मोजता येतं.

दिवाळीला येते. आई, कळण्याचं पीठ दळून ठेव, इथे भरताची वांगी मिळतात पण आपल्यासारखी नाहीत. मोठ्या आईच्या गुडघ्याला तेल चालू ठेवा.

नाना, या पत्राचं उत्तर फोनवर नको. लिहून पाठवा, आणि त्यात पहिल्या अमावास्येचा आकडा असू द्या.

तुमची,
मनू